फक्त ट्रायलपुरती

मित्रांनो, मी एक जुनी ट्रायलची गाडी आहे. जुनी म्हणजे खटारा नव्हे हं! विजेवर चालणारी, छोटीशी, पांढरी. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटले होते, कोणाच्या तरी दारात हार घालून उभी राहीन. पण अंधेरीच्या शोरूममध्ये माझ्या दारांवर 'फक्त ट्रायलसाठी' असे चिकटवले आणि माझे नशीब ठरले.

तेव्हापासून किती जणांनी मला फिरवले! "काय झकास पळते यार!" म्हणून कौतुक करायचे, दिसेल ते बटण दाबायचे, उतरताना दार धाडकन आपटायचे. घरी मात्र जायची माझीच एखादी कोरी बहीण. नाहीतर समोरच्या शोरूममधली ती निळी. तीही विजेचीच, माझ्याएवढीच, पण तिचा स्क्रीन मोठा आणि छताला काच. मला तिचा हेवा वाटायचा, खोटे कशाला बोलू? त्यात माझ्या एसीचा पंखा घरघरू लागला. "नवी ट्रायलगाडी येतेय, हिला मागच्या शेडमध्ये लावा," असे साहेबांनी सांगून टाकले. त्या शेडमधून परत रस्त्यावर आलेली गाडी मी पाहिली नव्हती. मी फार घाबरले होते.

त्याच आठवड्यात मढचे एक कोळी कुटुंब आले. धर्माकाकांचा जन्म मासेमारीच्या होडीवर गेलेला. मंजुळामावशी मासळी विकायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे आणि मासळीची पाटी पाहिली की रिक्षावाले नाक मुरडून पुढे जायचे. म्हणून लेक कल्पिता आईसाठी गाडी घेत होती. निळी तिच्या मनात भरली होती. मला आपले बघायचे म्हणून बाहेर काढले.

"त्या निळीत बाबाने काय केलं माहितीये?" कल्पिता सेल्समन श्यामकांतला हसत सांगू लागली. "सिग्नलला थांबले, तर हा ओरडला, इंजिन बंद पडलं!"

काका हसले नाहीत. भर दर्यात इंजिन गप्प झाले की काय होते, हे त्यांनाच ठाऊक. विजेच्या गाडीला आवाज नसतो, हे लेकीने दहादा समजावले होते, पण जिवाला पटेल तर ना!

मग आमचा सिग्नल लागला. माझा पंखा घरघरत होता. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काका मात्र मागे टेकून सैल बसले. "ही जिवंत हाय," ते म्हणाले.

परत आल्यावर श्यामकांत म्हणाला, "काका, अशीच कोरी गाडी देतो. पंखा एकदम शांत!"

"कोरी कशाला? हीच दे."

"ही ट्रायलची आहे काका. सेम हिच्यासारखीच येईल."

"हिच्यासारखी म्हणजे ही नाय ना? जी होडी पाण्यात घालून बघितली तीच घेतात. न बघितलेली कोण घेतं?"

कल्पिताने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, गाडीचं तसं नसतं!" माझ्या दारावरचा ओरखडा तिने बोटाने चाचपला. झाले, मला वाटले, आता शेडच.

"कल्पे," मंजुळामावशी म्हणाल्या, "तुझा बाप पहिल्यांदा गाडीत निवांत बसला. पाटी मावते, माझा पाय सहज आत जातो. आणखी काय पायजे?"

कल्पिताने एकदा निळीकडे पाहिले, एकदा बापाकडे. मग श्यामकांतला म्हणाली, "हीच द्या."

मित्रांनो, तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा खुशाल नापसंत करा, पण दार तेवढे हळू लावा. तुमच्यामागून आणखी कोणी येईल का, याची ती वाट पाहत असते.

मला घरी नेल्यावर पहिल्यांदा बाजार करून मढला परतलो तेव्हा सगळे उतरले. शोरूममध्ये असताना माझ्यातून उतरणाऱ्या प्रत्येकाने आपली वस्तू आठवणीने काढून नेलेली, मला तेवढेच माहीत.

"आई, पाटी राहिली तुझी," कल्पिताने हाक मारली.

"राहू दे गं," मावशी ओट्यावरून म्हणाल्या. "सकाळी हिच्यातनंच जायचंय ना?"

मासळीच्या वासासकट ती पाटी सांभाळत मी दारात उभी राहिले.