बांबूची पाठ

"पहिला थर सावकाश बसू दे. तो नीट बसला की वरच्यांची काळजी नको." तेजश्री मॅडमनी विद्यार्थ्यांना हे सांगितले, तेव्हा मला नुकतेच खोक्यातून बाहेर काढले होते. मित्रांनो, त्या दिवसापासून तोच माझा नेम. महाडच्या एका महाविद्यालयातला मी जुना थ्रीडी प्रिंटर. प्लास्टिकची तार वितळवायची, बारीक तोंडातून सोडायची आणि थरावर थर रचत वस्तू उभी करायची, हे माझे काम.

सुरुवातीला फार कौतुक झाले. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतली माणसे पंपाची तुटकी चाके घेऊन माझ्याकडे यायची. मग काचेच्या दाराचे नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात गेलो. लोक माझ्यावर हेल्मेट ठेवू लागले.

मला परत सुरू केले ते आम्रपालीने. पोलादपूरची ही मुलगी बांबूसारखी हलकी, चिवट नळी छापण्यावर संशोधन करते. नव्या यंत्रात हात घालता येत नाही, माझे भाग मात्र तिला हवे तसे बदलता येतात.

नळी हवी होती अंबूबाईंच्या कृत्रिम पायासाठी. आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत त्या टोपल्या विणतात. सर्पदंशाने त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला. मिळालेला पाय इतका जड, की चढणीवर ओढवत नाही. दोन वर्षे दुसऱ्यांनी आणून दिलेल्या बांबूवर भागवायचे, आणि तो एकदाही मनासारखा नसायचा. यंदा बांबू तुम्हीच निवडून तोडाल, असा शब्द आम्रपालीने त्यांना दिला होता.

बांबूचा जोर कुठे असतो, हे तिने त्यांनाच फोनवर विचारले. पाठीत, त्या म्हणाल्या. तिने तसे वहीत टिपले आणि नळीची मागची, पोटरीकडची बाजू तेवढी दाट छापायला मला लावले. नऊ तास खपून मी ती छापली. भार देणाऱ्या यंत्रावर ती पुढून फुटली.

आम्रपालीने पुन्हा फोन लावला आणि पोटरीकडची बाजू दाट केल्याचे सांगितले. पलीकडून आधी हसूच आले.

"अगो, बांबूला काय आपल्यासारखी मागं पाठ हाय? हिरवी साल ती पाठ, आतलं पांढरं ते पोट. येवढी शिकलीस, नि बांबूला पोटरी लावलीस."

आम्रपाली ओशाळली, मग तीही हसत सुटली. तिने वाचलेल्या शोधनिबंधांत हेच होते. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीशी दाट असतात आणि आत विरळ होत जातात. फक्त त्या निबंधांत 'पाठ' हा शब्द नव्हता.

दुसरी नळी मी चारी बाजूंनी बाहेरून दाट छापली, आत विरळ. या खेपेला मला शंका नव्हती. भार वाढला, काटा खुणेच्या पुढे गेला. नळी जराशी वाकली आणि सरळ झाली. कृत्रिम पाय बसवणाऱ्या विनीत सरांनी ती दोनदा तपासली आणि होकार दिला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखे एखादे यंत्र कोपऱ्यात असेल, तर त्याचे तोंड साफ करा, तार कोरडी ठेवा. त्याच्या हातून अजून पुष्कळ होईल.

विनीत सर वाडीवरच भेटणार होते. आम्रपालीने नळी टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि तिच्या शेजारी नवी धार लावलेली कोयती. माझे बटण बंद करून ती एसटी स्टँडकडे निघाली.