पाचवं जोडकार्ड

दीपमालेचा फोन आला तेव्हा मी माझ्या पोराच्या, धम्मदीपच्या मांडीखाली गरम पाण्याची पिशवी सरकवून राहिली होती. दुपारचे अडीच वाजले होते. सकाळपासून पोट्टा पांघरुणाचा कोपरा दातात धरून पडला होता, अन् या महिन्यातली ही तिसरी खेप. अठ्ठावीस वर्षांचा आहे. हाडात करवत चालते म्हणतो. सिकलसेल आहे त्याले, रक्ताची बिमारी. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, पाणी पाजत राहा, अंग गरम ठेवा, संध्याकाळपर्यंत कळ उतरली नाही तर भरती करा. प्रेमानंद, म्हणजे माझा नवरा, कोराडीच्या प्लांटात ड्युटीवर. मी त्याच्याजवळ घड्याळाकडे पाहत बसली होती, अन् त्यात हा फोन.

दीपमाला माझी नणंद, कळमेश्वरले राहते. नणंद नंतर झाली, आधी ती माझी आतेबहीण. माझी आत्या बायजाबाई, तीच माझी सासू. आमच्याकडे मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क, तसं मले प्रेमानंदले दिलं. आता दीपमालेले तिच्या सौरवसाठी माझी पोरगी दीक्षा पाहिजे होती. हक्क तोच, पिढी पुढची. दीक्षाही मनातून राजी होती, आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहून राहिली होती पोट्टी. अन् सौरवमध्ये नाव ठेवायले जागा नाही. मले फक्त त्याचं रक्त तपासून पाहिजे होतं.

काहून, तर दीक्षाचं रक्त कॉलेजात तपासलं होतं, ती सिकलसेलची वाहक निघाली. तिले स्वतःले काही त्रास नाही. पण नवराही वाहक असला तर दर लेकरामागे चारात एक धोका. चारात एक ऐकायले लहान वाटते. माझ्या घरात ते खाटेवर पडलं होतं.

हे मी दीपमालेले याआधी दोनदा सांगितलं होतं, पाया पडायचीच तेवढी बाकी राहिली होती. तिचं एकच, आमच्या धडधाकट पोट्ट्याले तू बिमार ठरवते. येत्या रविवारी साखरपुडा करून टाकू, तपासणी-बिपासणी मग पाहू. मी तिसऱ्यांदा तेच म्हटलं तेव्हा ती चिडली.

“वहिनी, एक सांग मले. सुखदेवदादाच्या डॉक्टरनं एवढी कार्डं पाठवली होती. एकात तरी लिहिलं होतं का, रक्त तपासा म्हणून? तूच तर वाचून दाखवत होती. मी आईच्या मांडीवर बसून ऐकलंय.”

मी दाराबाहेर पाहिलं. समोरच्या खोलीत आत्या पलंगावर बसली होती. ब्याऐंशी वर्षं झाली तिले, पण कान अजून तिखट आहेत. तिनं मान वर केली नाही.

सुखदेव आत्याचा मोठा पोरगा, प्रेमानंदचा भाऊ. रामटेकजवळच्या गावात आमची दोन्ही घरं एका गल्लीत. थंडी पडली की सुखदेवचे सांधे सुजायचे, डोळे हळदीवानी पिवळे व्हायचे, अन् त्याचं ओरडणं आमच्या घरापर्यंत यायचं. आत्यानं जडीबुटी केली, अंगारे आणले, तालुक्याचा दवाखाना केला. कोणी म्हणे वात, कोणी म्हणे कावीळ, कोणी म्हणे नाटकं करते पोट्टा. मग कोणीतरी सांगितलं, नागपूरले सीताबर्डीवर एक म्हातारे डॉक्टर आहेत, ते पत्रानं सल्ला देतात. जोडकार्ड टाकायचं. पोस्टात तेव्हा दोन कार्डं एकाला एक जोडून मिळायची. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून कोरं सोडायचं. डॉक्टर ते फाडून त्यावरच जवाब लिहून पाठवायचे. त्यांनी सुखदेवले कधी पाहिलं नाही, अन् आम्ही त्यांना.

आत्या अनपढ. मी दहावीत होती, गल्लीत अक्षर माझंच बरं. ती सांगायची अन् मी लिहायची. लिही नंदे, पोरगं रात्रभर किंचाळते. लिही, लघवी काळ्या चहावानी होते. लिही, डॉक्टरसाहेब, मी तुमची लेक आहे असं समजा अन् याले वाचवा. कार्डावर जागा संपायची, तिचं सांगणं संपायचं नाही, मग मी कडेनं उभ्या ओळी लिहायची. कार्ड टाकलं की ती दुसऱ्याच दिवसापासून नत्थूजी पोस्टमनच्या सायकलची वाट पाहत सडकेवर जाऊन उभी राहायची. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, रोज.

चार जवाब आले. पाणी खूप पाजा, थंड पाण्यात उतरू देऊ नका, अंग शेकत राहा, अमुक गोळी द्या. त्यानं फरक पडला, एक हिवाळा पोराचा बरा गेला. आत्या ती कार्डं बुद्धाच्या फोटोमागे ठेवू लागली.

मग पाचवं आलं. आत्या समोर बसली, लहानगी दीपमाला तिच्या मांडीवर, अन् प्रेमानंद पायरीवर सायकलची चैन बसवत होता. मी वाचत गेली. मधात एक ओळ आली अन् ती मी गाळली. सरळ खालच्या ओळीवर गेली, “तब्येत कळवत जावे” वाचून कार्ड पालथं घातलं.

काहून गाळली? तो पायरीवर बसला होता म्हणून. मी पाळण्यात होती तेव्हापासून सगळे म्हणत होते, ही प्रेमानंदची नवरी. मी सोळा वर्षांची होती अन् मले तो पाहिजे होता. सांगायची लाज वाटते, पण यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

सुखदेव तेविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. पहिली पाच वर्षं कूस उजवली नाही, तेव्हाही आत वाटायचं, बरंच आहे. मग धम्मदीप झाला. दीड वर्षाचा असताना एका सकाळी त्याच्या हाताची बोटं सुजली, अन् डॉक्टरनं सांगायच्या आधी मले समजलं. तेव्हापासून मी ही मूठ झाकून ठेवली. नवऱ्याले सांगितलं नाही. पोराच्या उशाशी किती रात्री बसली, त्याले सांगितलं नाही.

दीपमाला फोनवर बोलतच होती. दीक्षा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, तिचं तोंड उतरलं होतं. मले वाटलं, आता गप्प राहिली तर ही दुसऱ्यांदा गाळलेली ओळ होईल, अन् या वेळी मी सोळाची नाही.

“थांब दीपे, फोन ठेवू नको,” मी म्हटलं.

समोरच्या खोलीत गेली. कार्डं अजून फोटोमागेच होती, प्लास्टिकच्या पिशवीत. फोन स्पीकरवर टाकून आत्याच्या पलंगावर ठेवला. शाई उडाली होती, पण मले पाहायची गरज नव्हती. ती ओळ मले एकोणचाळीस वर्षांपासून पाठ आहे.

“ही बिमारी आई व बाप दोघांच्या रक्तातून उतरते. घरातल्या सर्वांचे रक्त नागपूरला आणून तपासून घ्यावे. तोवर नात्यात सोयरीक करू नये.”

मग दीपमाला म्हणाली, “हे तू वाचलं नव्हतं तेव्हा.”

“डोळ्यानं वाचलं होतं. तोंडानं नाही.”

मग ती बोलली. लग्नाच्या हौसेपायी तू आपल्या पोटच्या पोराले खाल्लं, माझ्या भावाले फसवलं, माझ्या आईले अनपढ पाहून फसवलं. मी एकाही गोष्टीले नाही म्हटलं नाही. खरं बोलत होती ती. दीक्षा भिंतीले टेकून खाली बसली.

“दीपे,” आत्या म्हणाली.

मी अन् दीक्षानं तिच्याकडे पाहिलं. ती फोनकडे पाहून बोलत होती, हळू, पण साफ.

“तिच्या एकटीवर नको टाकू वं. कार्ड उघडं असते. नत्थूजीनं सडकेवर हातात देतानाच मले सगळं वाचून दाखवलं होतं. हिनं ओळ गाळली तेव्हा मी हिच्या तोंडाकडे पाहत होती.”

मी विचारलं, आत्या, तर मग काहून बोलली नाही.

“बिमारीचं घर म्हणून माझ्या प्रेमानंदले बाहेरची पोरगी कोणी देणार नव्हतं. तू गाळली, अन् मले बरं वाटलं. मी नत्थूजीलेही म्हटलं, भाऊ, गावात बोलू नको.”

आपलेच दात अन् आपलेच ओठ. आयुष्यभर मी हिच्यापासून लपवत राहिली, अन् ही माझ्यापासून. रोज एका ताटात जेवलो आम्ही.

फोनवर दीपमाला रडून राहिली होती. रडतच म्हणाली, उद्या सकाळी सौरवले रक्त द्यायले घेऊन जाते, जवाब येईपर्यंत रविवारचं राहू द्या. दीक्षानं मान हलवली, जसं काही ती मान तिकडे दिसणार होती. मी फोन बंद केला.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की आतल्या खोलीतलं कण्हणं केव्हाच थांबलं होतं. मधलं दार उघडंच राहिलं होतं. धम्मदीपनं पांघरुणाचा कोपरा तोंडातून काढला होता, अन् त्याचे पिवळे डोळे माझ्यावरून आत्यावर अन् आत्यावरून माझ्यावर फिरत होते. मी उंबऱ्यातच थांबली. पुढं जायची हिंमत झाली नाही. त्याले जे म्हणायचं असेल ते म्हणू दे, मी ऐकून घेईन, असं ठरवून उभी राहिली.

“आई,” तो म्हणाला, “पिशवी थंडी झाली.”