अर्ध्या पट्ट्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अलेक्झांड्रियात मासळीबाजारामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, फ्रिजच्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. ईदच्या तुपातल्या बिस्किटांसाठी मला कारखान्यात घडवलं. बिस्किटं चार दिवसांत संपली, तेव्हा वाटलं, आपलीही गाशा गुंडाळायची वेळ आली. पण इन्साफबाईंनी मला धुऊन पुसून औषधांसाठी ठेवून घेतलं.

इन्साफबाई शिवणकाम करतात. नवरा वारल्यापासून त्या आणि फिलफिल नावाची काळी मांजर, एवढाच त्यांचा संसार होता. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या माझ्यात टाकायच्या, ही त्यांची रीत. "अन्न आणि औषध टाकणाऱ्याचं भलं होत नाही," असं त्या म्हणायच्या. जिन्यात कुणी कण्हताना दिसलं, की कात्रीने गोळ्यांची पट्टी कापून अर्धी त्याच्या हातावर ठेवायच्या. समोरच्या बिऱ्हाडातली रौफची आई म्हणायची, "इन्साफ, तुझा डबा म्हणजे आमचा डॉक्टर! आणि डॉक्टरसारखा तोंड वाकडं करत नाही." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी इन्साफबाईंना लघवीला जळजळ होऊ लागली. माझ्यातल्या गोळ्या तीन दिवस घेतल्या, थांबलं. महिन्याने पुन्हा झालं, पुन्हा तीन दिवस. असं कितीदा तरी. मग फिलफिल वाळूची पेटी सोडून शिवायच्या कापडांवर थेंब थेंब करू लागली आणि करताना ओरडू लागली.

"तुलाही माझंच दुखणं लागलं की गं!" असं म्हणत बाईंनी अर्धी गोळी कुस्करून सार्डिन माशात घातली. दोन दिवस गुण आला. पुढच्या खेपेला आला नाही, आणि एका सकाळी कापडावर रक्त दिसलं.

बाईंनी टॅक्सी केली, मांजरीला टोपलीत घातलं आणि काय काय दिलं ते दाखवायला मलाही बगलेत घेतलं. जनावरांच्या डॉक्टर शिरीन यांनी लघवी तपासायला पाठवली आणि फिलफिलला ठेवून घेतलं. तीन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो.

"या जंतूवर नेहमीची एकही गोळी चालत नाही," शिरीन म्हणाल्या. मग माझं झाकण उघडून त्या अर्ध्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. "अर्धवट औषधाने कच्चे जंतू मरतात, बाई. चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. घरात आणखी कुणाला हा त्रास आहे?"

इन्साफबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मला आहे. थोडा तापही येतो."

"किती दिवस?"

"सहा."

"आणि मांजरीसाठी टॅक्सी करून आलात?"

"ती मुकी आहे हो. तिला सांगता येत नाही."

"तुम्हाला येतं ना? मग तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

शिरीनबाईंनी त्यांना तडक टॅक्सीने इस्पितळात पाठवलं. पुढचं मी बाई घरी आल्यावर त्यांच्या तोंडून ऐकलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता, आणि तो मांजरीतल्याच जातीचा निघाला. कुणाकडून कुणाला गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही. त्याच्यावर चालेल असं एकाच प्रकारचं इंजेक्शन उरलं होतं. ते लागू पडलं.

ते फिलफिललाही लागू पडलं असतं. पण ते माणसांसाठी राखून ठेवलेलं. जनावरांनाही देत सुटलं, तर उद्या माणसांनाही चालेनासं होईल. इन्साफबाईंनी खाटेवरून फोन केला, "माझ्यातलं अर्धं तिला द्या. मला पुरेल." शिरीनबाई नाही म्हणाल्या. इन्साफबाई घरी आल्या त्याच्या आदल्या दिवशी फिलफिल गेली.

बाईंनी माझ्यातली सगळी औषधं शिरीनबाईंच्या दवाखान्यात नेऊन दिली, नष्ट करायला. आता माझ्यात बटणं असतात.

परवा रौफची आई आली. कंबर धरून उभी होती. "जळजळतंय गं. दे ना दोन गोळ्या."

"नाहीत."

"असतील कुठेतरी. बघ तरी!"

"असत्या तरी दिल्या नसत्या."

"वा गं वा! इस्पितळात जाऊन आलीस आणि शिष्ट झालीस?"

इन्साफबाईंनी मशीन थांबवलं. "माझ्या हाताने एक गेली. दुसरी नको. चप्पल घाल, मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरकडे."

रौफची आई जिना उतरेपर्यंत बडबडत होती, पण गेली.

मित्रांनो, औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि ते सांगतील तितके दिवस घ्या. उरलं तर साठवू नका आणि वाटू तर मुळीच नका. बटणांच्या डब्याची कुणी स्तुती करत नाही. मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू? पण ती नसली तरी चालेल.