ज्वालादत्ताचा लटकन

ज्वालादत्ताचे सत्तावन्न अंक माझ्याकडे आहेत. हिंदी कॉमिक्स, गोंदियाच्या रद्दीवाल्यांकडून एकेक करून जमवलेले. कोहमाऱ्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की मी तेच वाचत बसतो. वय बत्तीस. ज्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

ज्वालादत्त हातातून आग फेकतो. त्याच्यासोबत लटकन नावाचा एक काडीपैलवान असतो. हा गडी सत्तावन्न अंकांत एक गुद्दा मारत नाही. लढाई सुरू झाली की ज्वालादत्ताच्या पाठीला पाठ लावून उभा राहतो, आणि चित्रात आपल्याला दिसते ती त्याची मान. असला खायला काळ आणि भुईला भार कशाला काढतात, असं मी बायकोला, चेतनाला, कितीदा म्हटलं असेल. ती म्हणायची, "दुकानात काम नाही वाटते तुमाले."

यंदा मोहाच्या दिवसांत आईचा गुडघा धरला, म्हणून फुलं वेचायला चेतनासोबत मला जावं लागलं. आमच्या धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जंगलाला लागून, मोहाची दोन झाडं आहेत. फुलं पहाटे गळतात आणि उजाडल्या उजाडल्या वेचावी लागतात. पंधराच दिवसांपूर्वी पलीकडच्या गावात वाघानं वेचणारी एक बाई उचलली होती. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तरी फुलं कोणी सोडत नाही. मला जायचं नव्हतं, पण बायकोसमोर सांगणार कोण?

झाडाखाली पोचताच चेतनानं मला खांद्याला धरून फिरवलं. ती सालेकशाकडची, जंगलाच्या कडेलाच वाढलेली.

"माझ्या पाठीले पाठ करा अन् झाडीकडे पाहात राहा. वाकू नका, वेचू नका."

"मंग मी आलो कायले?"

"उभं राहाले."

उभा राहिलो. पान हललं तरी मान तिकडे वळायची. इतक्यात शेजारच्या रुख्माकाकी टोपली घेऊन आल्या. काका जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या एकट्याच वेचतात. त्यांचं झाड नाल्यापलीकडे. मला पाहून थांबल्या.

"काऊन गा दुर्गेश, बाई वाकून राहिली अन् तू खांबावानी उभा? हाताले मेंदी लावली का?"

हसत हसत त्या नाल्याकडे गेल्या. माझं डोकं फिरलं. गावभर सांगतील, हे नक्की. चेतनाचं लक्ष नाही असं पाहून मी खाली वाकलो आणि वेचू लागलो. वेचता वेचता दहा-बारा पावलं बाजूला सरकलो, तेही कळलं नाही.

अचानक वानरं खेकसायला लागली. मी मान वर केली.

चेतनाच्या मागे, वीस पावलांवर, पळसाच्या झुडपात वाघ दबून बसला होता. त्याची नजर तिच्या वाकलेल्या पाठीवर होती. मला जिकडे पाहायला सांगितलं होतं, नेमकं तिथेच.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार एकट्यानं पळण्याचाच आला. दुसरा आला ज्वालादत्तासारखी उडी घेण्याचा. पाय दोन्हीसाठी उठेनात. आणि मग लटकनची ती मान डोळ्यांसमोर आली. तो आपल्याकडे पाठ करून उभा असतो, कारण ज्वालादत्ताला जे दिसत नाही ते तो पाहत असतो. सत्तावन्न अंकांत ज्वालादत्तावर मागून एकही वार झालेला नाही. माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मी आपला आगच बघत बसलो होतो.

"चेतना, उभी राय. पळू नको." माझा आवाज बकरीसारखा निघाला.

ती सरळ झाली. मागे वळली नाही. "कुठं हाय?"

"तुह्या मांगं."

वाघावरची नजर न काढता मी एकेक पाऊल सरकत मध्ये आलो आणि तिच्या पाठीला पाठ लावली. ती रस्त्याकडे चालू लागली, मी उलट्या पावलांनी. तोंडाला येईल ते ओरडत होतो, गिऱ्हाइकांची नावंसुद्धा. वाघ उठला. दोन पावलं पुढे आला. मी आणखी जोरात ओरडलो.

"धुरा आला, पाय उचला," चेतना मागून सांगत होती. "नाली हाय. डावीकडे या."

वाघ आमच्या टोपलीपाशी थांबला, तिचा वास घेतला आणि शांतपणे नाल्याकडे वळला.

डांबरी रस्त्यावर पोचलो तेव्हा चेतनानं माझा हात घट्ट पकडला. "काकी," ती म्हणाली.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. परत आत जायचं नाही, असं माझं अंग अंग सांगत होतं. चेतना पाठ फिरवून उभी राहिली. "लावा पाठ."

गेलो. नाल्याच्या काठावरून पलीकडे हिरवं लुगडं दिसलं, जमिनीशी वाकलेलं. "काकी, उभ्या राहा!" मी घसा फोडून ओरडलो.

"काऊन बोंबलून राहिला?" म्हणत काकी सरळ झाल्या. मग आमची तोंडं पाहिली आणि टोपली टाकून दिली. त्यांना मध्ये घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. वाघ पुन्हा दिसला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

रस्त्यावर काकी मटकन खाली बसल्या. नाल्याकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुहे काका होते तवा ते उभे राहात. मी त्याईलेही बोलत होती, खांब म्हणून." पदरानं तोंड पुसलं. "उद्या माझ्या मांगं उभा राहशील का, दुर्गेश?"

उद्या काय, जन्मात त्या झाडाखाली जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

"राहतो, काकी," म्हणालो, आणि तिथेच डांबरावर भडाभडा ओकलो.