सोनेरी अक्षरांतली चेटकीण

मी एक जुना लोखंडी फलक आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, एका लहान गावात, तळ्याकाठी उभा आहे. माझ्या अंगावर ओतीव अक्षरं आहेत : ‘इंग्रजी अमलात येथे एका चेटकिणीस पकडून शासन करण्यात आले.’ खाली न्यायाधीशांचं नाव आहे, फलकाच्या देणगीदारांचंही आहे. तिचं नाही. जागा पुरली नाही म्हणे.

तिचं नाव मेहिटेबल ग्रोव्हर. तिच्याशी भांडण झालं आणि शेजारणीचं लोणी निघेना, एवढाच तिचा गुन्हा. हातपाय बांधून तिला या तळ्यात टाकलं. बुडाली असती तर निर्दोष ठरली असती. ती तरंगली, म्हणून फासावर गेली.

माझं मात्र बरं चाललं. अनावरणाला बँड होता. ऑक्टोबरात, भुताखेतांच्या सणाला, पर्यटक चेटकिणीच्या टोकदार टोप्या घालून माझ्याशेजारी हसत फोटो काढतात आणि हार्लनच्या दुकानात सफरचंदाचा गरम रस पितात. एरवी कुणी ढुंकून पाहत नाही. फक्त म्हातारी लॉइस यायची. मेहिटेबलच्या वंशातली ती शेवटची. मला ओल्या फडक्यानं पुसत म्हणायची, “तुझ्यावर राग नाही रे. पण तुला इथून हलवल्याशिवाय मला मरायचं नाही.”

आमच्याकडे मार्चमध्ये अख्खा गाव सभागृहात जमतो आणि हात वर करून निर्णय घेतो. गेल्या वर्षी बर्फ उपसायच्या गाडीच्या खरेदीचा विषय संपल्यावर लॉइसचा ठराव आला : हा फलक काढा, मेहिटेबल निर्दोष होती असं सांगणारा नवा लावा. सभागृह माझ्यासमोरच आहे. शेगडी फार तापल्यानं खिडक्या उघड्या होत्या.

“अगं लॉइस, ती निर्दोष निघाली तर ऑक्टोबरात इथं येणार कोण?” हार्लन म्हणाला.

“तुझ्या रसात पाणी कमी घाल, येतील.”

सभा खो खो हसली.

“हसा. पण ती माझ्या घरातली बाई होती रे.”

“आम्हालाही वाईट वाटतंच गं,” मागून कुणीतरी म्हणालं. “पण आता आवरा, जेवणाचं सूप गार होतंय.”

हात वर झाले. ठराव पडला. लॉइसला वाईट वाटू नये म्हणून मला नव्यानं रंगवायचं ठरलं, तेही एकमतानं. ‘चेटकीण’ या शब्दाला सोनेरी रंग मिळाला.

रंग वाळायच्या आत लॉइस आली. फडकं तिच्या हातातच राहिलं. “आता तर लांबूनही वाचता येतं,” एवढंच बोलली आणि तळ्याकडे बघत बसली. त्या हिवाळ्यात ती गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्हा फलकांनी सांगायचं असतं. मी सांगतो, मला जपू नका. मी रात्रंदिवस खोटं बोलतो आणि मला गप्प बसता येत नाही. तुमचे हात मोकळे आहेत. मला उपटा.