चाळीस अंगठे

मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाला शंभर वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरणार होतं. रेकॉर्डरूमच्या कारकूनबाईंनी जुन्या संशोधनाची फाइल उघडली. ज्या औषधाने इस्पितळ नावारूपाला आलं, ते टोचून घ्यायला तयार असल्याची चाळीस रोग्यांची संमतीपत्रं तिच्यात होती. सातव्या कागदाशीच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. भिंग लावून पाहिलं, तर अंगठ्याच्या चाळीसही ठशांवर तीच तिरकी चीर!

घरी येताच त्या वडिलांपुढे कडाडल्या, "कुणा मेल्याने एकट्यानेच सगळ्यांचे अंगठे ठोकलेत, बाबा! पेशंटना पत्ताच नसणार. तुम्ही तेव्हा त्याच वॉर्डात होतात ना? कोण असेल हो?"

जन्मभर वॉर्डबॉय राहिलेल्या बाबांनी इंजेक्शनच्या काचेने कधीकाळी चिरलेला अंगठा हळूच मुठीत मिटून घेतला.