फौजदाराचे तांदूळ

पालीच्या देवीचे चांदीचे डोळे चोरीला गेले, तेव्हा भोरहून फौजदार आले ते मूठभर तांदूळ घेऊनच. संशयितानं कोरडे तांदूळ चावून थुंकायचे. चोराच्या तोंडचं पाणी पळतं, म्हणून त्याचे तांदूळ कोरडे निघतात, असा त्यांचा हिशेब. खरा तपास म्हणजे पायपीट आली. तांदूळ बसल्या जागी चावता येतात.

देवळाजवळ दिसलेल्यांत वरच्या धनगरवाड्यातला नाथाही होता. भित्रा जीव. बाजारात कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकणारा. बाकीच्यांचे तांदूळ ओले निघाले, त्याचे पिठासारखे भुरभुरले.

"हाच चोर. याला भोरला न्यायचा!"

निरोप मिळताच नाथाची बायको भामाबाई गुरं टाकून भर उन्हात डोंगर उतरून आली. नाथा पाराशी गुडघ्यात मान घालून बसला होता.

"म्या न्हाई गं," तो एवढंच म्हणाला.

तिला शपथ नको होती. स्वतःच्या वेलाची काकडी तोडतानासुद्धा बायकोला विचारणारा माणूस हा, तो देवीच्या डोळ्यांना काय हात लावणार! भामाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. रडायला पुढं जन्म पडला होता. आधी नवरा सोडवायचा होता.

"सायेब, ह्ये भ्यालेत. भ्यालेल्याचं तोंड वाळनारच की."

"ज्यानं काही केलं नाही, तो भ्यायचा कशाला?" फौजदार हसले. त्यांच्या मागोमाग सोनबा पाटीलही हसले, कारण साहेब हसले की हसायचं असतं.

फौजदार पान जमवायला वळले. हातकडी पारावरच पडली होती. भामाबाईनं ती हळूच आपल्या घोंगडीत ओढली.

निघायची वेळ झाली, तर हातकडी गायब. फौजदार लालबुंद झाले. कुणीतरी म्हणालं, झडती घ्या.

"झडती कशाला? तांदूळ आहेत ना!" फौजदार गरजले. "सगळे चावा. पाटील, तुम्हीसुद्धा!"

एकेक जण चावून थुंकू लागला. पाटीलकी जाते की काय या धास्तीनं सोनबांचा घसा सुकला आणि त्यांचे तांदूळ निघाले कोरडे ठणठणीत. भामाबाईचे निघाले भिजवून ठेवल्यासारखे.

"पाटील?" फौजदारांनी डोळे वटारले.

"आईच्यान, म्या न्हाई सायेब!"

भामाबाईनं हातकडी काढून पारावर आदळली.

"म्या घेतली! तुमच्या तांदळानं मला साव केलं आन् पाटलांस्नी चोर. ह्या तांदळावर आमच्या मालकांना न्येनार आसाल, तर आदी पाटलांस्नी न्या!"

फौजदारांनी छडी उगारली, पण पाटीलच मधे आले. आता प्रश्न त्यांच्याही अब्रूचा होता.

"सोडा नाथाला, सायेब. पुरावा गावला तर म्या सोता हजर करतो."

फौजदारांनी दात-ओठ खात हातकडी उचलली. "जा. पण गाव सोडलंस तर याद राख!" आता पायपीट करणं त्यांना भागच होतं.

डोंगर चढताना नाथानं विचारलं, "तुला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की."

"मंग तांदूळ वलं कसं?"

भामाबाईनं गालातून गारगोटीचा खडा काढला. रानात गुरांमागं फिरताना तोंड ओलं ठेवून तहान मारायला धनगर गालात धरतात, तोच. पदराला पुसून तिनं तो नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"धरा. पुन्यांदा बोलावलं, तर गालात ठिवूनच जावा."